सेंट बेन्स आणि सेंट जॉन्स: छोट्या कॅथलिक कॉलेजातलं पहिलं वर्ष

अमेरिकेत शिकायला जायचं म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतं ते चाळीस हजार मुलांचं अवाढव्य विद्यापीठ, एमएस आणि एका फ्लॅटमध्ये भात शिजवणारी चार देशी पोरं. हा लेख त्यांच्यासाठी नाही. बारावी झाल्यावर थेट बीए करायला जे मिनेसोटातल्या एका आडबाजूच्या, जंगल-तळ्यांच्या मधल्या कॅथलिक कॉलेजात निघालेत, त्यांच्यासाठी आहे. माझं शिक्षण तिथेच झालं. दरवर्षी कुणा ना कुणाच्या आईचा फोन येतो आणि तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

आधी जागा समजून घ्या

कॉलेजं दोन आहेत. सेंट जॉन्स हे मुलांचं कॉलेज. बेनेडिक्टाइन पंथाच्या मठवासींनी ते १८५७ मध्ये सुरू केलं, गाव कॉलेजव्हिल. सेंट बेनेडिक्ट, म्हणजेच सेंट बेन्स, हे मुलींचं. त्याच पंथाच्या सिस्टर्सनी १९१३ मध्ये काढलेलं, गाव सेंट जोसेफ. दोन्हींत चार-पाच मैलांचं अंतर आहे आणि मिनियापोलिस साधारण ८० मैलांवर. राहायचं आपापल्या कॅम्पसवर, पण वर्ग, प्राध्यापक, लायब्ररी, क्लब सगळं सामाईक. २०२२ पासून दोन्हींचा अध्यक्षही एकच आहे. मुलांना जॉनी म्हणतात, मुलींना बेनी. सेंट जॉन्सच्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ आहे म्हणून फसू नका. तिथे थिऑलॉजीचं, म्हणजे धर्मशास्त्राचं, पदव्युत्तर शिक्षण मिळतं, एवढाच त्याचा अर्थ. दोन्हीकडची मुलं मिळून संख्या तीन हजारांच्या आतबाहेर. पुण्यातलं एखादं बरं कॉलेजही याहून मोठं असतं.

ही दोन्ही ‘लिबरल आर्ट्स’ कॉलेजं, म्हणजे अनेक शाखांचं शिक्षण एकत्र देणारी. ते नाव ऐकून नातेवाईक हळहळतील, त्यांना सांगा की इथे रसायनशास्त्र आहे, अकाउंटिंग आहे, नर्सिंगही आहे. फरक इतकाच की अकाउंटिंग घेतलं तरी थिऑलॉजी, कला आणि एखादं विज्ञान यांतून सुटका नाही. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता, हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागत नाही, आणि ठरवून आलेल्यांपैकी बरेच जण तो बदलतात.

आता मुद्द्याचं. इथे लपता येत नाही. मोठ्या विद्यापीठात तुम्ही आठवडाभर खोलीत बसून राहिलात तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे दोन वर्ग चुकवले की प्राध्यापकाचा ई-मेल येतो, तिसऱ्याला सल्लागार विचारतात, आणि जेवणघरातली बाई म्हणते, ‘दिसली नाहीस गं दोन दिवस.’ काहींना हे जाचक वाटतं. मला विचाराल तर फी जी भरता ती बरीचशी याचीच भरता. तेव्हा ती वसूल कशी करायची, हे पुढे.

निघण्याआधी

व्हिसाचं थोडक्यात, कारण याची माहिती सगळीकडे मिळते. कॉलेजकडून आय-२०, म्हणजे प्रवेश मिळाल्याचा व्हिसासाठीचा कागद, आला की ३५० डॉलरची सेव्हिस (विद्यार्थी-नोंदणीची) फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग मुलाखत. नियम आणि शुल्कं बदलत असतात, म्हणून भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर एकदा बघा. एजंटच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. आय-२० वर अभ्यासक्रम सुरू होण्याची जी तारीख असते, तिच्या आधी ३० दिवसांहून लवकर अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. आय-२०, पासपोर्ट, लसींची नोंद हे सगळं हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅग चुकली तर चुकली, कागद चुकता कामा नयेत.

मुलाखतीत ‘हेच कॉलेज का’ असं विचारतात. ‘मामा शिकागोला असतो’ हे उत्तर नव्हे. वर्गात वीस-पंचवीस मुलं असतात, अमुक प्राध्यापक अमुक शिकवतात, मला दोन विषय जोडून शिकायचेत, असं काहीतरी स्वतःचं आणि खरं सांगा.

सामानाबद्दल. मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर नेऊ नका. तिथे वीज ११०-१२० व्होल्टची, आपली उपकरणं २३० व्होल्टची. लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर दोन्हीवर चालतात, त्यांना फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. तिकडच्या होस्टेलांत गादी बहुधा ३६ बाय ८० इंचांची असते, आपली सिंगल चादर पायाकडे अपुरी पडते. चादरी तिथेच घ्या. जाड कोटही तिथेच घ्या. इथल्या दुकानात ‘उणे दहापर्यंत चालतो ताई’ म्हणून विकलेला कोट मिनेसोटात ऑक्टोबरात ठीक असतो. नेण्यासारखं म्हणाल तर नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह, चष्म्याची जादा जोडी (तिकडे महाग पडते), थोडा गोडा मसाला, आणि एक चांगला झब्बा किंवा साडी. वर्षातून दोन-तीन वेळा तरी लागतेच.

मिनियापोलिसच्या विमानतळावरून कॅम्पसवर न्यायला कॉलेज ठरावीक तारखांना सोय करतं. तिकीट काढण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला त्या तारखा विचारा. तिकीट काढून मग विचारणारे पुष्कळ, आणि मग रात्री अकराला ८० मैलांची टॅक्सी.

पहिला आठवडा

ऑगस्टच्या अखेरीस पोचाल तेव्हा हवा सुंदर असते आणि सगळे तुमच्याकडे बघून हसतात. दोन्हीवर विश्वास ठेवा, पण थोडा हात राखून.

खोलीत बहुधा दोघं. मजल्यावर एक आरए असतो, म्हणजे वरच्या वर्गातला विद्यार्थी, मजल्याची जबाबदारी घेतलेला. सेंट जॉन्सच्या होस्टेलांत काही मजल्यांवर मठवासीही राहतात. त्यांचं काम पहारा करणं नाही. दार उघडं असतं, आत कॉफी किंवा बिस्किटं असतात, आणि रात्री दहाला गणिताच्या पेपराबद्दल रडायला जागा असते. पहिल्याच आठवड्यात त्या दारावर टकटक करून नाव सांगा.

रूममेटशी पहिल्या दोन-तीन दिवसांतच बोलून घ्या: झोपायची वेळ, दिवा, पाहुणे, खिडकी उघडी की बंद. आपल्याला ‘असू दे, चालवून घेऊ’ची सवय. तिकडे न बोललेली गोष्ट चालते असंच धरतात, आणि मग नोव्हेंबरात एकदम फुटतं.

इथली एक खोड पहिल्या दिवशीच लक्षात येईल. दार धरून ठेवणं. पुढचा मुलगा दार उघडतो, मागे वळून बघतो, तुम्ही तीस पावलांवर असता, आणि तो तसाच उभा राहतो. मग तुम्ही ओशाळून पळत सुटता. ‘थँक्स’ म्हणायचं आणि पुढचं दार तुम्ही धरायचं. याला इलाज नाही. उणे वीसमध्येही धरतात.

मग लिंक. दोन्ही कॅम्पसमधली ही बस फुकट आहे आणि तुमचं निम्मं आयुष्य तिच्या वेळापत्रकावर चालेल. वर्ग निवडताना सकाळी सेंट बेन्स, दुपारी सेंट जॉन्स, परत संध्याकाळी सेंट बेन्स असं रचू नका. एका कॅम्पसवरचे वर्ग शक्यतो एका दिवशी. दहाच्या वर्गाला वेळेवर पोचवणारी बस सगळ्यांनाच हवी असते, म्हणून तिच्या आधीची पकडा. आणि बसमध्ये कानात इअरफोन घालून बसू नका. निदान पहिले काही आठवडे. माझ्या निम्म्या ओळखी त्या सीटांवर झाल्या.

वर्गात

आपल्याकडे हुशार मुलगा तो, जो गप्प बसून शेवटी ९२ टक्के काढतो. इथे त्याच मुलाला बी ग्रेड मिळते, कारण बोलण्याला गुण असतात. कोर्सच्या सुरुवातीला सिलॅबस हातात पडतो. तो शोभेचा कागद नव्हे, करारच समजा. कुठल्या तारखेला काय द्यायचं, किती टक्के कशाला, किती गैरहजेरी चालते, उशीर झाला तर किती गुण जातात, सगळं त्यात असतं. पहिल्याच शनिवारी सगळ्या कोर्सांच्या तारखा एका कॅलेंडरमध्ये उतरवून घ्या. ऑक्टोबरच्या मध्यावर तीन पेपर एकाच आठवड्यात येतात, ते आधी दिसलेले बरे.

वर्गात बोलायचं कसं? आधीच्या रात्री नेमलेला मजकूर वाचताना एक प्रश्न लिहून ठेवा. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तो विचारून टाका. जितका उशीर कराल तितका घसा कोरडा पडतो. उच्चाराची काळजी करू नका. त्यांना तुमचं इंग्रजी कळतं, फक्त वेग थोडा कमी ठेवा.

ऑफिस अवर्स ही इथली सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय. प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास दार उघडं ठेवून बसतात आणि बरेचदा कुणी येतच नाही. आपल्याला वाटतं, सरांकडे जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय. तसं नाही. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक प्राध्यापकाकडे एकदा जा. कारण नसेल तर ‘पहिल्या पेपरासाठी असा विषय डोक्यात आहे, चालेल का’ एवढं विचारा. पुढे इंटर्नशिपला किंवा पीएचडीला शिफारसपत्र लागतं तेव्हा तुम्हाला खरोखर ओळखणारी दोन-तीन माणसं लागतात, आणि ती या पंधरा मिनिटांतून तयार होतात.

हाक कशी मारायची? प्राध्यापकांना ‘प्रोफेसर’ आणि आडनाव. त्यांनी नावाने बोलवा म्हटलं तर नावाने, जीभ अडखळली तरी. मठवासी पुरुष पुरोहित असेल तर ‘फादर’, नसेल तर ‘ब्रदर’, आणि पुढे आडनाव नाही, पहिलं नाव. सिस्टर्सनाही तसंच. सेंट बेन्सच्या बहुतेक सिस्टर्स साध्या कपड्यांत असतात. स्वेटर घातलेल्या, लायब्ररीत तुमच्या शेजारी बसलेल्या आजी पन्नास वर्षं मठात राहिलेल्या असू शकतात.

नक्कल हा विषय गंभीर आहे. दुसऱ्याचं एक वाक्यही उद्धरण न देता वापरलं तर कोर्समध्ये नापास होण्यापर्यंत मजल जाते. ‘सगळ्यांनी मिळून गणितं सोडवली’ हे काही कोर्सांत चालतं, काहींत गुन्हा ठरतो. एआयचंही तसंच, प्रत्येक प्राध्यापकाचा नियम वेगळा. विचारून घ्या, तेही ई-मेलवर, म्हणजे उत्तर लेखी राहतं. पेपर लिहिताना अडलात तर रायटिंग सेंटर आहे, फुकट आहे, आणि तिथे जाणं कमीपणाचं नाही. अमेरिकन मुलंही रांगेत असतात.

एक व्हिसाची गोष्ट इथेच सांगते. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना सत्राला किमान १२ क्रेडिट असावेच लागतात. कोर्स जड जातोय म्हणून सोडावासा वाटला, तर आधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये विचारा, मगच बटण दाबा. उलट क्रमाने केलं तर व्हिसाच धोक्यात येतो.

आईबाबांसाठी: मुलाचे गुण कॉलेज तुम्हाला कळवणार नाही. अमेरिकी कायद्याप्रमाणे ती नोंद विद्यार्थ्याची, आणि त्याने लेखी परवानगी दिली तरच तुम्हाला कळेल. कॉलेजला फोन करून ओरडण्यात अर्थ नाही.

चर्च, मठ आणि तुम्ही

‘धर्म बदलायला लावतात का हो?’ हा प्रश्न आजी लोक हमखास विचारतात. नाही. मासला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, हजेरी घेत नाहीत. थिऑलॉजीचे कोर्स करावे लागतात, पण त्यांत श्रद्धेची परीक्षा नसते, वाचन आणि युक्तिवादाची असते. माझ्या वर्गात लुथरन होते, मुस्लिम होती, कशावरच विश्वास नसलेले तर कितीतरी. उलट भगवद्गीतेबद्दल किंवा वारीबद्दल तुम्हाला विचारतील, आणि तेव्हा आपल्याला किती कमी माहीत आहे हे कळून पंचाईत होईल. तयारीने जा.

बेनेडिक्टाइन पंथ चालतो सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीवर. त्यातल्या ५३ व्या प्रकरणात म्हटलंय की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त समजून घरात घ्यावं. आपल्याला यात नवल वाटत नाही. नवल वाटतं ते हे की ही माणसं ते शब्दशः घेतात. आणखी एक शपथ ते घेतात, ती स्थैर्याची. ज्या मठात शिरले तिथेच आयुष्यभर राहायचं. त्यामुळे लायब्ररीत, लाकूडकामाच्या शाळेत, कबरस्तानाच्या वाटेवर भेटणारा म्हातारा ब्रदर तुम्ही पदवी घेऊन दहा वर्षांनी परत गेलात तरी तिथेच असण्याची शक्यता मोठी.

सेंट जॉन्सचं ॲबी (म्हणजे मठाचं) चर्च एकदा रिकामं असताना बघा. वास्तुकार मार्सेल ब्रॉयर, काम १९६१ मध्ये पूर्ण झालं. समोर काँक्रीटची ११२ फूट उंच उभी पाटी, तिच्यात घंटा टांगलेल्या. पहिल्यांदा बघून बहुतेकांना धरणाची भिंत आठवते. आत गेल्यावर मागे वळा. उत्तरेची अख्खी भिंत मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी चौकटींची, रंगीत काचांची. दुपारी उजेड त्यातून कसा येतो ते बघायला अर्धा तास काढा.

आणि एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेला बसा. वेळा बदलत असतात, आधी बघून घ्या. दारात कुणीतरी पुस्तक हातात देईल, पान काढून देईल, शेजारी बसवेल. वेदीभोवती अर्धगोलात मठवासी बसतात आणि स्तोत्रं म्हणतात, एक ओळ या बाजूने, एक त्या बाजूने. भजनी मंडळात दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून अभंग उचलतात तसंच, फक्त टाळ नाहीत आणि घाई अजिबात नाही. ओळीच्या मध्यावर ते थांबतात. चांगलं लांब थांबतात. नवखा माणूस हटकून तिथे एकटाच पुढचा शब्द मोठ्याने म्हणतो आणि सगळ्या काँक्रीटमध्ये तो घुमतो. कुणी वळून बघत नाही. पहिल्या दिवशी ओठ मिटून ऐका, दुसऱ्यांदा लय आपोआप सापडते.

मासला गेलात तर बाकीच्यांबरोबर उभं राहा, बसा. गुडघे टेकायची सक्ती नाही. कम्युनियन, म्हणजे मासमध्ये देतात तो पवित्र पाव, मात्र कॅथलिक नसाल तर घ्यायचं नाही. ते प्रसादासारखं समजून हात पुढे करू नका. जागेवर बसून राहिलात तरी चालतं, किंवा रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे ठेवलेत तर नुसता आशीर्वाद देतात. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मुलांना हे सांगायची गरज नाही. त्यांना मासचा क्रम घरच्यासारखाच वाटेल, चुकल्या-चुकल्यासारखं होईल ते मराठी, कोंकणी गाण्यांसाठी.

थिऑलॉजी नको, चर्च नको, असं असलं तरी आल्कुइन लायब्ररीत जाल तेव्हा सेंट जॉन्स बायबल जरूर बघा. लायब्ररीही ब्रॉयरचीच. आत काँक्रीटचे दोन खांब झाडांसारखे फांद्या पसरून छत उचलून धरतात. बायबल मात्र छापलेलं नाही, हाताने लिहिलेलं आहे. डोनाल्ड जॅक्सन या सुलेखनकाराच्या देखरेखीखाली, वासराच्या कातड्यावर, पिसांच्या लेखण्यांनी, सोन्याच्या वर्खासह. १९९८ मध्ये काम सोपवलं, २०११ मध्ये शेवटचं पान झालं. त्याच आवारात हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररी आहे. जगभरच्या जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रं आणि डिजिटल प्रती तिथे जपतात, आणि त्यांत केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेची हस्तलिखितंही आहेत. इतिहास किंवा संस्कृत-पालीची आवड असलेल्यांनी तिथे विद्यार्थ्यांसाठी काम आहे का, हे विचारून ठेवावं.

जेवण

सेंट जॉन्सचं जेवणघर रेफेक्टरी, पण ‘रीफ’ म्हणाल तरच कुणाला कळेल. सेंट बेन्सला गोरेकी सेंटर. शाकाहाऱ्यांचं भागतं, पण रंगतदार नाही. पास्ता, सॅलड, चीज पिझ्झा, बीन्स. पदार्थाच्या पाटीवर शाकाहाराची खूण असते, तरी सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा. ‘इथे मांस नाही’ म्हणताना चिकन स्टॉक मोजत नाहीत. बीफ चालत नसेल तर ‘हॉटडिश’ नावाच्या मिनेसोटी पदार्थापासून जपून, त्यात बहुधा बीफचा खिमाच असतो. जैन जेवण हवं असेल तर येण्याआधीच डायनिंगच्या मुख्य माणसाला लिहा. लहान कॉलेज असल्याने तो खरंच उत्तर देतो आणि शेफशी गाठ घालून देतो.

मठाच्या पाककृतीने केलेला जाडसर तपकिरी पाव, जॉनी ब्रेड, टोस्ट करून लोणी लावून खा. पहिल्या हिवाळ्यात तो आणि आईने दिलेलं लिंबाचं लोणचं, यांवर माझे कित्येक रविवार निघाले.

खोलीत शेगडी, कुकर, राइस कुकर यांवर बंदी असते. मजल्यावर सामाईक छोटं स्वयंपाकघर असतं. तिथे फोडणी करायची असेल तर आधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, तेल धुरकट होऊ देऊ नका, आणि मिरची शेवटी. मोहरी तडतडून मिरची पडली की धुराचा अलार्म वाजतो, अख्खी इमारत बाहेर बर्फात उभी राहते आणि फायर ब्रिगेड आल्याशिवाय आत सोडत नाहीत. नाइटसूटमध्ये कुडकुडणाऱ्या शंभर मुली तुमच्या वरणाकडे प्रेमाने बघत नाहीत.

डाळ-तांदूळ-मसाल्यांसाठी सेंट क्लाउड शहर गाठा, जवळच आहे. तिथे सोमाली वस्ती मोठी, त्यांच्या दुकानांत मसूर, बासमती, हळद, वेलची मिळते. हलाल मांसही तिथेच.

थंडी

ऑक्टोबरात पानं लाल होतात तेव्हा फोटो काढा, आणि त्याच आठवड्यात बूट घ्या. जानेवारीत रात्री उणे २० सेल्सिअसच्या आसपास जाणं नेहमीचं, मधूनच उणे ३० होतं. तिथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात. ३२ म्हणजे आपलं शून्य, शून्य म्हणजे आपलं उणे १८, आणि उणे ४० ला दोन्ही मापं एक होतात. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ सेल्सिअसच्या खाली गेली की उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. म्हणून कान झाकणारी टोपी आणि मिटन, म्हणजे बोटं सुटी नसलेले हातमोजे. पाच बोटांचे मोजे दिसायला छान, उबेला निरुपयोगी. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, आणि अंगालगतचा थर सुती नको. सेकंडहँड दुकानांत चांगले कोट स्वस्तात मिळतात, आणि कॉलेजात आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी जुने कोट कुणी देतं का, हेही विचारा. लाजू नका. बहामाजमधून येणारी मुलं इथे पूर्वापार बरीच आहेत. त्यांनीही आयुष्यात बर्फ पाहिलेला नसतो, आणि कोट शोधायला तीच तुमच्याबरोबर असतात.

सागाटागन तळं गोठल्यावर त्यावर चालायची हौस सगळ्यांना येते. मिनेसोटाचं नैसर्गिक संपदा खातं सांगतं की चालण्यासाठी निदान चार इंच नवा, घट्ट बर्फ हवा. कॉलेजने जाहीर केल्याशिवाय पाय ठेवू नका, आणि एकटे तर कधीच नाही.

डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याने मन खचतं, हे खरंच होतं, नाटक नव्हे. दुपारी वर्ग नसेल तेव्हा बाहेर चाला, स्टेला मारिस चॅपेलपर्यंत तळ्याकाठची वाट त्यासाठीच आहे. झोप बिघडली, जेवण नकोसं झालं, वर्ग चुकायला लागले, की समुपदेशकाची वेळ घ्या. ते गुप्त राहतं, आईबाबांनाही कळवत नाहीत.

काम आणि पैसा

सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. जेवणघर, लायब्ररी, आयटी डेस्क, जिम. चांगल्या जागा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जातात. नोकरी मिळाल्याचं पत्र आणि इंटरनॅशनल ऑफिसचं पत्र घेऊन पगारासाठी आणि करासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करायचा. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काहीही नको, शेजाऱ्याचा बर्फ पैसे घेऊन उपसणंसुद्धा.

कर. पैसे कमावले नसले तरी फॉर्म ८८४३ करखात्याकडे भरावाच लागतो. कमावले असतील तर १०४०-एनआर हे विवरणपत्रही, एप्रिलच्या मध्यापर्यंत. इतर देशांच्या विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट सहसा मिळत नाही, भारतीयांना भारत-अमेरिका करारामुळे मिळते. करसल्ला देणाऱ्या स्वयंसेवकांनाही हे बरेचदा ठाऊक नसतं, म्हणून करारातलं २१ वं कलम तुम्हीच दाखवा.

मिनेसोटात २०२३ पासून २१ वर्षांवरच्यांना गांजा कायदेशीर आहे. तुम्हाला नाही असं समजा. संघराज्याच्या कायद्याने तो अजून गुन्हाच आहे, आणि तुमचा व्हिसा संघराज्य देतं.

माणसं

मिनेसोटातला माणूस गोड बोलतो आणि ‘एकदा भेटूया हं’ म्हणून निघून जातो. पुणेकरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. भेटायचंच असेल तर तुम्ही वार आणि वेळ सांगा: ‘गुरुवारी साडेपाचला रीफमध्ये?’ तेव्हा तो नक्की येतो.

शनिवारी जॉनींचा (अमेरिकन) फुटबॉल सामना असला की नियम कळत नसले तरी जा. जॉन गॅग्लियार्डी यांनी इथे साठ वर्षं प्रशिक्षण दिलं आणि २०१२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ४८९ विजय होते, कॉलेज फुटबॉलमधला विक्रम. सरावात धडका मारायला बंदी, आणि मला कोच नका म्हणू, जॉन म्हणा, हा त्यांचा खाक्या. हे कॉलेज ज्यात खेळतं त्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, त्यामुळे मैदानावरचा मुलगा सोमवारी तुमच्या प्रयोगशाळेत शेजारी असतो.

घरची आठवण आली तर मेपल ग्रोव्हचं हिंदू मंदिर मिनियापोलिसच्या वाटेवरच आहे, आणि मिनेसोटाचं मराठी मंडळ गणपती, दिवाळी करतं. गाडी नसल्याचं त्यांना आधी कळवा. घ्यायला कुणीतरी निघतंच, मात्र परतीचीही वेळ ठरवून घ्या. आपल्याकडच्या ‘निघतो निघतो’ला तिथेही दीड तास लागतो.

सुट्ट्या आणि वसंत

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. कॅम्पस रिकामं होतं. वर्गमित्राने घरी बोलावलं तर जा. हातात मिठाईचा डबा न्या, ताटं उचलायला उठा, आणि शाकाहारी आहात हे आधी सांगा, नाहीतर त्याच्या आजीला टर्की वाया गेल्यासारखं वाटतं. नाताळच्या सुट्टीत होस्टेल चालू राहतं की नाही, त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे ऑक्टोबरातच विचारा. भारतात यायचं असेल तर आय-२० वर प्रवासाची सही निघण्याआधी घ्या. ती वर्षभर चालते.

मार्चच्या मध्यावर रात्री गोठायला आणि दिवसा वितळायला लागलं की ॲबीच्या जंगलात मेपलचा रस काढायला स्वयंसेवक बोलावतात. झाडाला भोक, भोकाला नळी, नळीखाली बादली. रस पाण्यासारखाच दिसतो, चवीला जेमतेम गोड. साधारण ४० गॅलन आटवले की एक गॅलन सिरप होतो. गुऱ्हाळ पाहिलेल्यांना धुराचा तो वास ओळखीचा वाटेल. रबरी बूट घाला, चिखल घोट्यापर्यंत असतो. आणि घरी सिरपची बाटली न्यायची झाली तर चेक-इन बॅगेत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून न्या. हातातल्या बॅगेत ठेवलीत तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.